कोळशाची जागा कुंडीत

बायोचारबद्दल, म्हणजे मातीत मिसळायच्या कोळशाबद्दल, आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक एकराच्या हिशेबात. एकरी इतका टाका, सेंद्रिय कर्ब वाढेल, पाणी कमी लागेल, हवेतला कार्बन जमिनीत गाडला जाईल. महाराष्ट्रापुरता तरी हा हिशेब चुकीच्या ठिकाणी मांडला जातो आहे, असं माझं मत आहे. बायोचारची आपल्याकडची खरी जागा कुंडीत आहे: गच्चीवरची वांग्या-मिरचीची कुंडी, चाळीच्या कठड्यावरचा पत्र्याचा डबा, ग्रो-बॅग आणि भाजीच्या रोपवाटिकेतला ट्रे.

आधी एकराचंच गणित घालून बघू. एका हेक्टरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २,००० टन भरतं. त्यात वजनाने एक टक्काच बायोचार मिसळायचा म्हटला तरी २० टन लागतो, म्हणजे एकरी ८ टन. भट्टी चांगली असली तरी कोरड्या मालाच्या २५ ते ३० टक्केच कोळसा हाती येतो. तेव्हा या ८ टनांसाठी २७ ते ३२ टन वाळलेली पऱ्हाटी हवी. एकरभर कपाशीतून वर्षाला पऱ्हाटी निघते टन-सव्वा टन. एका एकराच्या एक टक्क्यासाठी त्याच एकराची पंचवीसेक वर्षांची पऱ्हाटी जाळायची, आणि तोवर घरच्या चुलीला काय लावायचं हा प्रश्न तसाच. आता कुंडी घ्या. बारा इंची ग्रो-बॅगेत सुमारे २० लिटर माती-खत मावतं. त्यात आकारमानाने १५ टक्के कोळसा म्हणजे ३ लिटर, वजनाला पाऊण किलोच्या आसपास. त्याला कोरडा माल लागतो तीन किलो. छाटलेल्या फांद्यांची एक मोळी आणि महिनाभराच्या करवंट्या एवढ्यात भागतं.

दुसरी गोष्ट मातीच्या स्वभावाची. २०१७ साली सायमन जेफरी आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढलं आणि समशीतोष्ण प्रदेशात सरासरी काहीच वाढलं नाही, असा त्याचा निष्कर्ष. हा २५ टक्क्यांचा आकडा आपल्याकडे फार ऐकवला जातो. त्याचं कारण मात्र क्वचितच सांगतात. उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बहुतेक आम्ल आणि निकस होत्या. कोळशाबरोबर आलेल्या राखेने त्यांचा आम्लपणा उतरला, थोडं पालाश-चुना मिळालं, आणि पीक उठलं. आपली काळी जमीन आधीच अल्कधर्मी, सामू साडेसात-आठच्या पुढे. तिच्यात नऊ-दहा सामूचा कोळसा टनावारी घालून तोच चमत्कार होईल अशी आशा धरण्याला आधार नाही. कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत गोष्ट वेगळी, आणि तिथे तो जरूर करून पाहावा.

कोकणच्या आणि घाटमाथ्याच्या शेतकऱ्याला जळक्या मातीचं हे ज्ञान नवं नाहीच. भाताचा तरवा टाकण्याआधी वाफ्यावर शेण, कवळ, पातेरा, गवत यांचे थर रचून वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं, याला राब भाजणं म्हणतात. वरच्या मातीमुळे आग भडकत नाही, धुमसते; राखेबरोबर थोडा कोळसाही उरतो, तणाचं बी मरतं. राबापायी झाडं ओरबाडली गेली हे खरं, आणि म्हणूनच त्याला पर्याय शोधले गेले. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत पहिल्याच सूत्रात तुसाची काळी राख रोपांच्या गादीवाफ्यात मिसळायला सांगितली आहे; तिच्यातल्या सिलिकामुळे रोप काटक होतं. जपानमध्येही भाताच्या तुसाचा कोळसा रोपांच्या मातीत घालण्याची रीत जुनी आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. जळका माल अख्ख्या शेताला दिलेला नाही. थोड्या जागेत, कोवळ्या मुळांपाशी दिला आहे. ज्यांच्याकडे माल कमी होता त्यांनी तो कुठे घालायचा हे बरोबर ओळखलं होतं.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचं, ‘टेरा प्रेटा’चं, उदाहरण प्रत्येक बायोचारवाला देतो. पण ती माती नुसत्या कोळशाची नाही. तिच्यात हाडं आहेत, मडक्यांचे तुकडे आहेत, माणसांच्या वस्तीतला पिढ्यानपिढ्यांचा उष्टा-खरकटा कचरा आहे. कोळसा आणि खरकटं एकत्र मुरलं तेव्हा ती झाली. त्या मातीकडून घ्यायचं ते हे.

मग कुंडीत नेमकी अडचण काय असते? शेतातल्या मुळाला खाली-आजूबाजूला जायला जागा असते. कुंडीतल्या मुळाला वीस लिटरांतच सगळं भागवावं लागतं. रोज पाणी घालावं लागतं, त्या पाण्याबरोबर नत्र तळाच्या भोकातून वाहून जातो. काळी माती कुंडीत भरली तर ओली असताना लगदा आणि वाळली की भेगा. लाल माती दोन उन्हाळ्यांत विटेसारखी घट्ट होते. नुसतं कंपोस्ट भरलं तर पहिल्या हंगामात झाड जोमाने येतं, पण कंपोस्ट कुजतच राहतं आणि आमच्या हवेत फार वेगाने कुजतं; काठोकाठ भरलेली कुंडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत चार बोटं खाली बसते, पोकळी संपते, तळाशी पाणी साचतं. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, म्हणजे मुळाशी पाणीही आहे आणि हवाही आहे अशी स्थिती, ती कुंडीत टिकवणं हे भाजी पिकवण्यातलं खरं काम आहे. खत देणं त्या मानाने सोपं.

वजनाचा प्रश्न तर लोक विचारातच घेत नाहीत. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापराचा भार धरून आखतात. एका चौरस मीटरमध्ये बारा इंची नऊ बॅगा बसतात. त्या लाल मातीने भरून पाणी घातलं की एकेक बॅग ३०-३५ किलोची होते. नऊ बॅगांचे ३०० किलो. म्हणजे दुप्पट भार, तोही कायमचा. तीच बॅग कंपोस्ट, कोकोपीट, थोडी माती आणि कोळसा अशी भरली तर ओली असतानाही १५ किलोच्या आसपास राहते. हलकी मातीच हवी, ती कशाची करायची एवढाच प्रश्न उरतो.

आज त्याचं उत्तर कोकोपीट हे आहे. केरळ-तमिळनाडूतून काथ्या उद्योगातला भुसा दाबून विटा करून येतो. वाईट नाही, पाणी उत्तम धरतो. पण त्यात क्षार असतात, धुवून घ्यावा लागतो, स्वतःचं पोषण जवळपास नाही, आणि दोन-तीन वर्षांत तोही खचतो. पाणी धरण्यात कोळसा कोकोपीटची बरोबरी करेल असं मी म्हणणार नाही. कोळशाचं काम वेगळं आहे. तो खचत नाही. त्याच्या कणांमधून हवा खेळते, कणांच्या आतल्या छिद्रांत थोडं पाणी राहतं, आणि हळूहळू त्याच्या पृष्ठभागावर अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद येते. शिवाय कोकोपीट किंचित आम्ल, कोळसा अल्कधर्मी, म्हणून दोघांचं जमतं. ज्या कामाला लोक परलाइट विकत आणतात ते काम इथल्या फांद्यांचा कोळसा करू शकतो.

प्रयोग काय सांगतात? इस्राएलमध्ये एलेन ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मातीविरहित माध्यमात मिरची आणि टोमॅटो लावून त्यात लिंबूवर्गीय झाडांच्या लाकडाचा कोळसा वजनाने १ ते ५ टक्के मिसळला. पाण्यातून खत सगळ्यांना सारखंच दिलं होतं, म्हणजे कोळशातल्या अन्नद्रव्यांचा फायदा हा मुद्दा निकालात निघाला. मिरचीचं झाड वाढलं आणि फळही वाढलं. टोमॅटोचं झाड उंच झालं, पानं मोठी झाली, पण फळ वाढलं नाही. त्याच वर्षी त्याच गटाने दाखवलं की असा कोळसा घातलेल्या झाडांवर भुरीचा आणि करड्या बुरशीचा (ग्रे मोल्ड) जोर कमी राहिला. पुढे काकडीवरच्या प्रयोगांत दिसलं की थोड्या मात्रेने रोपमर कमी होते आणि मात्रा वाढवली की फायदा उलटतो. विक्रेत्यांच्या जाहिरातीत यातला मिरचीचा भाग येतो, टोमॅटोचा येत नाही, आणि मात्रेचा तर मुळीच नाही. मला या तिन्ही निष्कर्षांवर एकत्रच विश्वास वाटतो. बायोचार खत नाही. त्याने फळं लगडतील असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. तो मुळाचं घर सुधारतो, आणि ते घर वर्षानुवर्षं टिकतं.

आता कचऱ्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. ‘सेंद्रिय कचऱ्यापासून बायोचार’ हे ऐकायला छान वाटतं आणि मग स्वयंपाकघरातला ओला कचराही भट्टीत घालायच्या योजना निघतात. हे मला साफ अमान्य आहे. भाजीच्या कचऱ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते उडवायला, त्या कचऱ्याच्या कोरड्या भागात जेवढी उष्णता आहे तिच्यातली जवळपास अर्धी खर्ची पडते. बराचसा नत्र वायू होऊन जातो आणि उरतो तोही मुळांना सहजी मिळत नाही. उष्ट्या अन्नातलं मीठ कोळशात साठून राहतं, ते वेगळंच. ज्या कचऱ्याचं दीड-दोन महिन्यांत सोन्यासारखं खत होतं, त्याचा मुद्दाम निकृष्ट कोळसा करायचा कशाला? ओलं कुजवावं. जे कुजायला वर्षं लागतात, ज्याच्यापुढे सोसायटीचं खताचं पिंप हात टेकतं, त्याचा कोळसा करावा.

आणि असा माल शहरात काही कमी नाही. पावसाळ्याआधी महापालिका झाडं छाटते, त्या फांद्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहतात. रसवंतीवरची चिपाडं, शहाळ्यांची टरफलं, देवळातल्या नारळांच्या करवंट्या, मे महिन्यातल्या आंब्याच्या कोयी, उत्सव संपल्यावर मांडवांचे मोडके बांबू. शहाळं तर कचरा व्यवस्थापनाला नकोसं झालेलं आहे: कुजत नाही, दाबलं जात नाही, जागा खातं. आज यातलं बरंच काही एक तर कचरा डेपोवर जातं, नाही तर हिवाळ्याच्या सकाळी रस्त्याच्या कडेला पेटवलं जातं. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी केली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने किरकोळ जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. तरी धूर निघतोच, कारण झाडणाऱ्याच्या हातात दुसरा पर्यायच दिलेला नाही.

पर्याय आपल्याच पुण्यात उभा राहिला होता. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करणारी साधी भट्टी तयार केली. बंद डब्यांत पाचट भरून ते विटांच्या भट्टीत ठेवायचे, डब्यांतून निघणारा वायू भट्टीतच जळून पुढची उष्णता देतो. त्या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा इंधनाच्या कांड्यांसाठी होता, पण तत्त्व तेच. हैदराबादच्या क्रिडा या कोरडवाहू शेती संस्थेने पिंपाचीच बायोचार भट्टी बनवली आहे. वरून पेटवायच्या शंकूच्या आकाराच्या उघड्या भट्ट्याही आता परिचित आहेत: ज्वाळेचा पडदा वरची हवा खाऊन टाकतो आणि खालच्या निखाऱ्यांपर्यंत प्राणवायू पोचूच देत नाही.

भट्टीजवळ उभं राहिलं की काम कळतं. आधी पांढरा, दाट, ओलसर धूर येतो, ती वाफ. मग तो पिवळसर आणि डोळ्यांना झोंबणारा होतो. माल कोरडा असेल आणि वर ज्वाळा नीट धरलेली असेल तर हा धूर ज्वाळेतच जळून जातो आणि वर नुसती थरथरती गरम हवा दिसते. फांदीवर राखेची पांढरी साय धरू लागली की वेळ झाली. तेव्हाच भरपूर पाणी ओतून विझवायचं. उशीर केला तर राख मिळते, घाई केली तर आत कच्चं लाकूड राहतं. थंड झालेला चांगला कोळसा हलका असतो, एकमेकांवर आपटला की काचेसारखा किणकिणतो, आणि बोटांना लागलेला काळेपणा नुसत्या पाण्याने जातो. बोटं तेलकट-चिकट झाली, साबण लागला, धुराचा आंबूस वास येत राहिला, तर त्यात डांबर उरलंय. ते कुंडीत जाता कामा नये. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिकच्या दोऱ्या यांतलं काहीही भट्टीत नको, कारण त्यातून जे विष येतं ते पालेभाजीतून आपल्याच पोटात जाईल. आणि हे काम गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अर्धवट विझलेला कोळसा रात्रीत पुन्हा पेटतो. महापालिकेच्या उद्यान विभागाच्या रोपवाटिका आहेत, तिथे जागा आहे, माणसं आहेत, छाटणीचा माल तिथेच येऊ शकतो. प्रत्येक प्रभागात नाही तरी प्रत्येक मोठ्या रोपवाटिकेत एक भट्टी ठेवावी, आणि अशी आटोक्यातली भट्टी म्हणजे उघड्यावर कचरा जाळणं नव्हे हे नियमात स्पष्ट लिहावं.

कोळसा सरळ कुंडीत ओतणं ही सर्रास होणारी गफलत आहे. ताजा कोळसा उपाशी असतो. मातीतला नत्र स्वतःकडे ओढून घेतो आणि पालक-मेथी पिवळी पडते. त्याला आधी मुरवावं लागतं. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा बारीक करावा, बारीक करताना ओला ठेवावा म्हणजे धूळ छातीत जात नाही. मग गांडूळखतात किंवा जीवामृतात कालवून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावा. याहून चांगली रीत म्हणजे तो सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यातच दहाव्या हिश्शाने टाकत जाणं. खत होताना उडून जाणारा अमोनिया तो धरतो, त्यामुळे घाण वास कमी होतो, आणि खत तयार होईतो कोळसाही आपोआप भरलेला असतो. ज्या सोसायटीत वासाच्या तक्रारींवरून खताचा प्रकल्प बंद पडला तिथे हे आधी करून पाहायला हवं होतं.

प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांवर ठेवावं. बोअरचं पाणी घालणाऱ्यांनी तर दहाच्या पुढे जाऊ नये, कारण ते पाणीही अल्कधर्मी. दोन्हींनी मिळून सामू चढला की लोह मुळांना मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुसाच्या आणि चिपाडांच्या कोळशात राख जास्त, म्हणून तो आणखी बेताने. शंका असेल तर हळीव पेरून पाहावेत. डिंकाच्या लाडवांच्या दिवसांत घरात असणारे हेच हळीव जगभरच्या प्रयोगशाळाही खत-मातीतलं विष तपासायला वापरतात. एका बशीत नुसतं खत, दुसरीत कोळसा घातलेलं खत, दोन्हींत सारखे दाणे. चार-पाच दिवसांत मुळ्यांची लांबी बघितली की निवाडा होतो.

गच्चीवरची भाजी ही खाऊनपिऊन सुखी लोकांची हौस आहे, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. गच्ची बाजूला ठेवा. नारायणगाव पट्ट्यातला टोमॅटो असो की नाशिकची ढोबळी मिरची, आज शेतकरी वाफ्यात बी टाकत बसत नाही. रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपं आणतो. त्या ट्रेच्या एकेका कप्प्यात चमचा-दोन चमचे कोकोपीट असतं, आणि ते बहुतेक राज्याबाहेरून येतं. त्यातला दहा-पंधरा टक्के भाग जरी इथल्याच मुरवलेल्या कोळशाचा झाला तरी रोपाबरोबर तो शेतात मुळापाशीच उतरतो. एकरी आठ टनांचा हट्ट सोडून, एकरी काही किलो, पण नेमके मुळाशी. हे राबाच्या आणि चारसूत्रीच्या वाटेनेच जाणं आहे. कृषी विद्यापीठांनी रोपवाटिकांबरोबर बसून टोमॅटो, मिरची, वांगं, कोबी यांची वेगवेगळी प्रमाणं ठरवून द्यावीत. हे काम अवघड नाही आणि फार खर्चाचंही नाही.

मला भीती आहे ती दुसरीच. बायोचारला आता कार्बन क्रेडिटचा भाव आला आहे. कोळशातला कार्बन शेकडो वर्षं टिकतो हे खरं, आणि त्यासाठी कुणी पैसे देत असेल तर वाईट काही नाही. पण टनावर पैसे मिळू लागले की लक्ष टनाकडे जातं. कोळसा कशाचा, कितपत पक्का, त्यात मीठ किती, जड धातू किती, हे प्रश्न मागे पडतात. जमिनीत गाडला की काम झालं. शेतकऱ्याच्या बांधावरची पऱ्हाटी आणि तुराटी गोळा होते, त्याच्या घरच्या चुलीचा आणि जमिनीचा वाटा कुणीतरी दुसऱ्याच देशातल्या कंपनीच्या हिशेबात जमा होतो. कुंडीत घालायचा कोळसा टनावारी मोजला जात नाही, आणि तेच बरं आहे. कुंडीतल्या कोळशाची पारख भाजी खाणारा माणूस करतो.

म्हणून बाजारात ‘बायोचार’ लिहिलेली जी पिशवी मिळते तिच्यावर काही गोष्टी छापणं सक्तीचं व्हायला हवं: कशाचा कोळसा आहे, सामू किती, क्षार किती, राख किती टक्के, मुरवलेला आहे की कच्चा, आणि कुंडीत किती घालायचा. युरोपात बायोचारसाठी प्रमाणपत्राची पद्धत आहे. तिच्यात डांबरातल्या घातक संयुगांची आणि जड धातूंची मर्यादा ठरवलेली आहे. आपल्याकडे खतांच्या पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाश छापल्याशिवाय ती विकता येत नाही. ज्या कोळशावर उगवलेली कोथिंबीर आपण कच्ची खातो, त्याची एवढी तरी माहिती ग्राहकाला मिळायला हवी, आणि ती छापलेली नसेल तर ग्राहकाने पिशवी दुकानातच ठेवून यावी.